एकच विषाणू, दोन दवाखाने

आपल्याकडे तान्ह्या मुलास जुलाब होऊ लागले म्हणजे त्यास आरोग्य केंद्रात नेतात; त्याच घराच्या गोठ्यातील वासरास हगवण लागली म्हणजे गुरांच्या डॉक्टरांस बोलावतात. दोन्ही रोग्यांची लक्षणे बहुतेक सारखीच असतात. पाण्यासारखे शौच, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश खाली बसणे, हातपाय गार पडणे, आणि वेळीच उपाय न झाल्यास एकदोन दिवसांत मृत्यू. परंतु मुलाची नोंद एका खात्याच्या वहीत होते. वासराची झालीच तर दुसऱ्या खात्याच्या वहीत होते. आणि ह्या दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. ही विभागणी कारभाराच्या सोयीची आहे. निसर्गाने ती केलेली नाही. तिच्यामुळे ज्ञानाची आणि जीविताची हानी झाली आहे व आजही होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते कशावर आधारले आहे हे येथे सांगावयाचे आहे.

अतिसाराची कारणे अनेक आहेत. पटकीसारखे काही प्रकार जंतूंमुळे होतात, काही परोपजीवी प्राण्यांमुळे होतात, आणि लहान मुलांतील फार मोठा भाग विषाणूंमुळे होतो. विषाणूंमध्येही नोरो, अ‍ॅडिनो, अ‍ॅस्ट्रो अशी निरनिराळी कुळे आहेत. जनावरांत वासरांचा व डुकरांचा करोना विषाणू आहे. कुत्र्याच्या पिल्लांना रक्तमिश्रित जुलाबांनी मारणारा पार्व्हो विषाणू आहे. हा शेवटचा १९७८ च्या सुमारास मांजरांच्या एका जुन्या विषाणूपासून उद्भवला आणि दोनएक वर्षांत पृथ्वीभर पसरला. ह्या सर्वांचा परामर्श घेण्यास एक पुस्तिका पुरणार नाही. ज्याची कथा आपल्या देशाशी सर्वांत अधिक निगडित आहे, तो रोटा विषाणू आपण उदाहरणादाखल घेऊ.

रोटा विषाणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास तो बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर गुळगुळीत धाव. म्हणूनच चाक ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून बर्मिंगहॅम येथील टॉमस फ्ल्युएट ह्यांनी त्याला हे नाव सुचविले. प्रथिनांच्या तीन आवरणांच्या आत त्याची आनुवंशिक सामग्री असते, आणि ती एका सलग धाग्याच्या रूपात नसून अकरा सुट्या खंडांत विभागलेली असते. आपल्या जुन्या पोथ्या सुट्या पानांच्या असत, हे वाचकांस ठाऊक आहेच. दोन पोथ्या एकाच चौरंगावर उलगडल्या आणि पाने एकमेकांत मिसळली, तर बांधताना एकीचे पान दुसरीत जावे, तसेच येथे घडू शकते. एकाच पेशीत दोन निरनिराळे रोटा विषाणू एकाच वेळी शिरले, तर बाहेर पडणाऱ्या संततीत काही खंड एकाचे व काही दुसऱ्याचे असू शकतात. ह्या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

हा विषाणू तोंडावाटे शिरतो. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे जे रसांकुर असतात, त्यांच्या शेंड्यांवरील पेशींत तो वाढतो. ह्याच पेशी अन्नरस व पाणी शोषून घेतात. त्या नष्ट झाल्या म्हणजे दूध पचत नाही आणि पाणी शोषले जात नाही. शिवाय विषाणूचे एक प्रथिन स्वतःच विषासारखे कार्य करून आतड्यात पाणी व क्षार स्रवावयास लावते, हे १९९६ साली दाखविण्यात आले. आजारी मुलाच्या एक ग्रॅम विष्ठेत एक हजार कोटी किंवा त्याहूनही अधिक विषाणू असू शकतात. संसर्गास मात्र शंभराहून कमी पुरतात. ह्या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे एक कोडे उलगडते. लसीकरण सुरू होण्यापूर्वी श्रीमंत व गरीब, स्वच्छ व अस्वच्छ अशा सर्व देशांतील जवळजवळ प्रत्येक मुलास वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत ह्या विषाणूचा संसर्ग होऊन जात असे. स्वच्छता आवश्यक आहे, परंतु ह्या विषाणूपुरती ती एकटी पुरत नाही. फरक पडे तो मृत्यूंत. श्रीमंत देशांत मुले आजारी पडत व बरी होत. आपल्याकडे ती मरत. लसीकरणापूर्वीच्या काळाविषयीचा एक अंदाज असा की, भारतात पाच वर्षांखालील सुमारे ७८,००० मुले दरवर्षी ह्या एका विषाणूने दगावत आणि आठ लाखांहून अधिक मुलांना रुग्णालयात ठेवावे लागे.

आता इतिहासाकडे पाहू. वैद्यकशास्त्राच्या नव्या युगाच्या आरंभी माणसांचा वैद्य आणि जनावरांचा वैद्य ह्यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. तेच कॉख १८९६-९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीवर उपाय शोधीत होते, तेथून ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आले, आणि त्याच वर्षी कुमाऊँच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेसही त्यांनी भेट दिली. ही प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात स्थापन झाली होती आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरास हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. बुळकांडी हाही विषाणूजन्य रोगच होता, आणि त्यात तोंड व आतडे सोलवटून निघून जनावर जुलाबांनी मरत असे. १९५४ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसाच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. शाळांतील पुस्तकांत देवीच्या निर्मूलनाची हकीकत असते. बुळकांडीची क्वचितच असते. हा केवळ विस्मरणाचा प्रकार नव्हे. गुरांची विद्या ही दुय्यम विद्या होय, अशी जी समजूत सुशिक्षितांच्या मनात घर करून बसली आहे तिचेच हे एक चिन्ह आहे.

ह्या समजुतीची किंमत रोटा विषाणूच्या प्रकरणात कशी द्यावी लागली पाहा. १९४३ साली अमेरिकेत जेकब लाइट आणि होरेस होड्स ह्या दोन डॉक्टरांनी बॉल्टिमोर व वॉशिंग्टन येथील नवजात अर्भकांत पसरलेल्या अतिसाराचा अभ्यास केला. जंतू अडवून धरणाऱ्या सूक्ष्म गाळणीतून विष्ठेचे द्रावण गाळून ते त्यांनी वासरांना दिले. वासरांना अतिसार झाला. म्हणजे जंतूंहून लहान असे काहीतरी बालकापासून वासरात गेले आणि तेथेही त्याने तोच रोग उत्पन्न केला. ह्याहून स्पष्ट संकेत कोणता असावा? परंतु त्याचा पाठपुरावा झाला नाही. त्या प्रयोगातील जतन करून ठेवलेले नमुने सुमारे तीन दशकांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत रोटा विषाणू आढळला.

ह्या मधल्या काळात बालरोगतज्ज्ञ अतिसाराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत कोणताही जंतू न सापडल्याने चाचपडत होते. गोठ्यात मात्र काम चालू होते. १९६९ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात चार्ल्स मेबस ह्या पशुवैद्यकीय संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या हगवणीत एक विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिला आणि लवकरच वासरांसाठी लसही तयार केली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७३ मध्ये, मेलबर्न येथील बालरुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी मुलांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा तेथेही तसाच विषाणू आढळला. पुढच्याच वर्षी फ्ल्युएट ह्यांनी दाखविले की, बऱ्या झालेल्या मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे वासरांच्या विषाणूलाही ओळखतात व त्याच्या गुठळ्या करतात. मानवी रोटा विषाणू त्या वेळी प्रयोगशाळेत वाढविता येत नव्हता. म्हणून कित्येक वर्षे मुलांच्या रक्ताची तपासणी वासराच्या विषाणूचा उपयोग करूनच केली जात असे. मुलांच्या रोगाचा अभ्यास गोठ्याच्या आधाराने चालला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लसीची कथा तर ह्याहूनही बोलकी आहे. पहिली कल्पना जेनरच्या धर्तीची होती. ज्याप्रमाणे गाईच्या देवीने माणसाची देवी अडविली, त्याप्रमाणे वासराच्या रोटा विषाणूने मुलाचा रोटा विषाणू अडवावा. नेब्रास्काच्या वासरातील विषाणूपासून केलेली लस १९८३ च्या सुमारास फिनलंडमध्ये यशस्वी झाली; रवांडा व गॅम्बिया ह्या आफ्रिकी देशांत ती निरुपयोगी किंवा जवळजवळ निरुपयोगी ठरली आणि सोडून देण्यात आली. नंतर माकडाच्या विषाणूवर मानवी खंड चढवून केलेली लस १९९८ मध्ये अमेरिकेत आली. परंतु सुमारे दहा हजारांत एका मुलाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडथळा होतो असे दिसल्यावर १९९९ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्यानंतर आलेल्या दोन लसींची चाचणी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक मुलांवर करावी लागली. एवढी काळजी घेतली गेली हे उचितच होते. परंतु जेथे हजारो मुले रोगानेच मरत होती त्या देशांना ह्या वर्षांची किंमत द्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या देशातील संशोधकांनी निराळी वाट धरली. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी नवजात अर्भकांचा अभ्यास करीत असता त्यांना असे दिसले की, अनेक अर्भकांच्या विष्ठेत रोटा विषाणू आहे, पण त्यांना अतिसार झालेला नाही. ह्या अर्भकांना पुढे रोटा विषाणूचा त्रासही कमी झाला. निसर्गाने जणू त्यांना लस टोचावाचून दिली होती. ह्या विषाणूची अकरा पाने उलगडून वाचली, तेव्हा दहा मानवी विषाणूची निघाली आणि एक गाईच्या विषाणूचे! त्याच सुमारास बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या दुर्गा राव ह्यांना तेथील निरोगी नवजातांत असाच एक संकर आढळला. त्यात प्रमाण उलटे होते, नऊ पाने गाईच्या विषाणूची आणि दोन मानवी विषाणूची. ज्या देशात सुमारे एकोणीस कोटी गाईबैल आणि अकरा कोटी म्हशी (२०१९ ची पशुगणना) माणसांच्या अंगणातच वावरतात, तेथे ही पाने कोठे व कशी मिसळली असतील, ह्याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. परंतु कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा गोळा करण्याची व्यवस्थाच आपल्याकडे नव्हती.

दिल्लीच्या विषाणूपासून हैदराबाद येथील भारत बायोटेक कंपनीने ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार केली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथील ६,७९९ बालकांवर तिची अखेरची चाचणी झाली, २०१४ मध्ये तिला परवानगी मिळाली, आणि मार्च २०१६ मध्ये हरियाणा, हिमाचल प्रदेश, ओडिशा व आंध्र प्रदेश ह्या चार राज्यांत तिचा सार्वत्रिक लसीकरणात समावेश झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दुसरी लस, ‘रोटासिल’, हीदेखील गाईच्या विषाणूच्या पायावर मानवी खंड बसवूनच केलेली आहे. २०१९ पर्यंत देशातील सर्व राज्यांत ह्या लसी पोहोचल्या. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात बालकाच्या तोंडात थेंब पडतात, त्यांत गाईच्या विषाणूचा अंश असतो. आयांना हे सांगितल्यास त्या घाबरतील असे काही अधिकाऱ्यांस वाटत असेल. परंतु देवीच्या लसीला दोन शतके सरावलेला हा देश आहे, आणि खरे कारण सांगितल्याने विश्वास वाढतोच.

लस आली, मग प्रश्न उरला कोठे, असे येथे कोणी विचारील. प्रश्न उरला तो आकड्यांत. चाचणीच्या पहिल्या वर्षात तीव्र रोटा अतिसारापासून मिळालेले संरक्षण सुमारे ५६ टक्के होते. युरोपात अशाच लसी ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. ५६ टक्के ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जेथे रोगच एवढा मोठा आहे तेथे निम्मे निवारण म्हणजे हजारो प्राण. पण उरलेले निम्मे का सुटते? आतड्यातील इतर विषाणू, कुपोषण, आणि मातेकडून आलेली प्रतिपिंडे ही कारणे सांगितली जातात. ह्यांतील शेवटचे कारण पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. नेब्रास्कातील वासरांची तोंडावाटे द्यावयाची लस प्रत्यक्ष गोठ्यात अपेक्षेप्रमाणे चालली नाही, कारण वासराने प्यालेल्या चिकातील प्रतिपिंडेच लसीतील विषाणूला निष्प्रभ करीत. तेव्हा पशुवैद्यांनी युक्ती उलटविली. लस वासराला न देता विण्यापूर्वी गाईला दिली, म्हणजे चीकच औषध झाला. माणसाच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. मनुष्यमातेची प्रतिपिंडे गर्भावस्थेतच वारेतून बालकात जातात, गाईची तशी जात नाहीत, तिचे वासरू सर्वस्वी चिकावर अवलंबून असते. म्हणून गोठ्यातील युक्ती जशीच्या तशी घरात आणावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु मातेची प्रतिपिंडे व तोंडावाटे दिलेली लस ह्यांतील झगडा एका शास्त्राने प्रत्यक्ष अनुभवला होता आणि दुसऱ्या शास्त्रास तो पुढे जणू नव्याने शोधावा लागला, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरा प्रश्न विषाणूच्या बदलाचा. बंगलोरच्या नवजातांत जो गोवंशीय धाटणीचा विषाणू निरुपद्रवी दिसला, त्याच वर्गातील विषाणू वेल्लोरच्या नवजात कक्षांत आजारी अर्भकांतही सापडला. गगनदीप कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला आहे. म्हणजे गाईकडून आलेले पान दर वेळी शुभच असते असे नाही. २०१३ पासून ऑस्ट्रेलिया, जपान व इतर अनेक देशांतील मुलांत असा एक रोटा विषाणू पसरला की ज्याचे बाह्य कवचातील एक प्रथिन घोड्यांच्या विषाणूशी जुळणारे आहे. असे बदल पुन्हा होतील. ते झाल्यावर रुग्णालयात येऊन थडकेपर्यंत वाट पाहावयाची, की ते जेथे घडतात तेथेच आधी पाहावयाचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

ह्या मताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप असा आहे की, मुलांना होणारा रोटा विषाणूचा संसर्ग बहुतांशी मुलांकडूनच होतो, वासरांकडून नव्हे. हा आक्षेप खरा आहे. प्राण्यांतील विषाणू माणसात शिरले तरी बहुधा तेथे टिकून पसरत नाहीत. म्हणून गोठ्याकडे भीतीने पाहण्याचे, किंवा आजारी मुलाच्या घरातील गाय बाहेर काढण्याचे कारण नाही. शेण हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, हगवण लागलेले वासरू लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी बांधू नये, एवढी सावधगिरी पुरे. परंतु आक्षेप मान्य केला तरी युक्तिवाद ढळत नाही. क्वचित घडणारी गोष्टच येथे निर्णायक ठरते. लाखो साध्या संसर्गांपेक्षा पानांची एक अदलाबदल पुढील दहा वर्षांचा रोग ठरवू शकते. पावसाळ्यात नदी रोजच वाहते, तिच्यावर मापपट्टी मात्र पुराच्या दिवसासाठी बसवितात.

खर्चाचा आक्षेप प्रस्तुत लेखकास तितकासा पटत नाही. नवीन इमारती मागितलेल्या नाहीत. विष्ठेचा नमुना घेण्याची कुपी, तो थंड ठेवण्याची पेटी, आणि तपासण्याची पद्धत ही मुलासाठी व वासरासाठी जवळजवळ एकच आहेत. अडचण दुसरीकडे आहे. वासराच्या मरणाची नोंदच होत नाही. दुधाळ जातीचे कालवड असेल तर मालक दवाखान्यापर्यंत जातो. गोऱ्हा किंवा नर रेडकू हगवणीने मेले तर ते ओढून टाकले जाते आणि कोणास कळत नाही. ज्याची किंमत नाही त्याची मोजदादही नाही. ह्या न मोजलेल्या मृत्यूंत शेतकऱ्याचे नुकसान आहेच. शिवाय गावात कोणता विषाणू फिरत आहे हे सांगणारा साक्षीदारही त्यांच्याबरोबर जातो.

उपचाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण लसीच्या कौतुकात ते मागे पडते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, तेव्हा बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज ह्यांचे पाणी पिंपांत भरून पटकीच्या रोग्यांना पाजविले. शिरेतून द्यावयाचे द्रावण संपले होते. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्यूंचा दर ह्या उपायाने ४ टक्क्यांखाली आला. ह्यामागील तत्त्व असे की, ग्लुकोज शोषून घेणारी आतड्यातील वाट सोडियमलाही बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. अतिसारातही ही वाट पुरती बंद होत नाही. वासराच्या आतड्यातही हीच वाट आहे, आणि वासरांसाठीही ह्याच तत्त्वावरची क्षारद्रावणे वापरली जातात, प्रमाण अर्थातच निराळे. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अतिसार झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे दिसले, आणि जस्ताच्या गोळ्या केवळ ३० टक्क्यांना. उलट, विषाणूंवर ज्यांचा काडीचाही परिणाम होत नाही अशी प्रतिजैविके घरात व गोठ्यात सर्रास दिली जातात. येथे मात्र दोन्ही दवाखान्यांचे पूर्ण एकमत आहे! आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू पुढे घरातून गोठ्यात व गोठ्यातून घरात फिरतात. त्यांना कोणत्या खात्याची सीमा अडविणार?

काय करावे, ह्याविषयी लेखकाची मागणी माफक आहे. आपल्याकडे मानवी रोगांचे संशोधन भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडे आणि पशुरोगांचे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आहे. मंत्रालयेही दोन आहेत. ती तशीच राहोत. परंतु देशातील काही निवडक जिल्ह्यांत, दुधाचा व्यवसाय दाट असलेल्या भागांत प्रथम, रुग्णालयात आलेल्या अतिसारग्रस्त मुलांचे आणि त्याच तालुक्यांतील हगवणग्रस्त वासरांचे, रेडकांचे व डुकरांच्या पिलांचे नमुने एकाच प्रयोगशाळेत जावेत, विषाणूंचे अकराही खंड वाचले जावेत, आणि उत्तर दोन्ही डॉक्टरांच्या हाती एकाच कागदावर पडावे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने महिनाभर पशुवैद्यकीय चिकित्सालयात काढावा आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने बालरुग्ण विभागात. दोन्ही प्रकारची महाविद्यालये मुंबईसारख्या शहरांत तर काही मैलांच्या अंतरावरच आहेत.

माणूस व प्राणी ह्यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे झाली. हे स्वागतार्ह आहे. तथापि मोठी संस्था मोठ्या साथींची वाट पाहत बसते, असा धोका असतो; वटवाघळांपासून येणाऱ्या दुर्मिळ व भयंकर रोगांकडे तिचे लक्ष सहज जाईल, आणि वासरांची हगवण हा विषय तिला फारच सामान्य वाटेल. तो सामान्य आहे म्हणूनच त्यापासून आरंभ करावा. नमुने विपुल आहेत, पद्धत ज्ञात आहे, आणि दोन वह्या शेजारी ठेवण्याची सवय लावण्यास ह्याहून सोपा रोग सापडणार नाही.

उत्तर भारतात रोटा विषाणूचा जोर थंडीच्या कोरड्या महिन्यांत, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, अधिक असतो. म्हशींचा विण्याचा मुख्य हंगाम पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो. त्यामुळे त्याच महिन्यांत गोठ्यांत कोवळ्या रेडकांची संख्या पुष्कळ असते. एखाद्या जिल्ह्याने हे काम हाती घ्यावयाचे ठरविल्यास कुप्या, पेट्या व नोंदवह्या दिवाळीपूर्वी तालुक्याच्या दोन्ही दवाखान्यांत पोहोचल्या पाहिजेत.